समान पायाच्या साहाय्याने घातांकी समीकरणांची उकल : धवला टीकेतील अर्धच्छेदाच्या संदर्भात

बीजसंज्ञा : घातांक, समान पाया, अर्धच्छेद, वर्गित-संवर्गित, मूळ अवयव, लॉगॅरिथम

प्रस्तावना :

शालेय स्तरावर घातांकाचे नियम पाठ केलेला विद्यार्थी कनिष्ठ महाविद्यालयात येतो तेव्हा २^क्ष = ३२ यासारखे समीकरण तो सहज सोडवितो. (प्रस्तुत लेखात पाया व घातांक यांच्यामध्ये ^ हे चिन्ह वापरले आहे, २^५ म्हणजे दोनाचा पाचवा घात.) ३२ म्हणजे २^५, म्हणून क्ष = ५. पुढे ४^क्ष = ८^(क्ष−१) हे समीकरण आले की तो दोन्ही बाजू दोनाच्या घातात लिहितो, २^(२क्ष) = २^(३क्ष−३) अशी मांडणी करतो, ‘दोन्हीकडचे दोन उडवितो’ आणि क्ष = ३ असे उत्तर काढतो. उत्तर बरोबर असते, गुणही मिळतात. मात्र दोन का उडाले, असे विचारल्यास बहुधा ‘पाया सारखा आहे म्हणून’ एवढेच उत्तर मिळते. त्यानंतर २^क्ष = ३ हे समीकरण समोर येते. पाया सारखा होत नाही, म्हणून ‘आता लॉग घ्या’ असे सांगितले जाते. विद्यार्थ्याच्या वहीत ही दोन स्वतंत्र प्रकरणे ठरतात : एक पाया सारखा करण्याचे, दुसरे लॉगॅरिथमच्या सारणीचे. वस्तुतः ती एकच रीत आहे. ही एकवाक्यता दाखविणे आणि समान पायाच्या रीतीची मर्यादा नेमकी कोठे सुरू होते ते स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

त्यासाठी एका जुन्या संकल्पनेचा आधार घेतला आहे. आचार्य वीरसेन यांची षट्खंडागमावरील ‘धवला’ ही टीका राष्ट्रकूट काळातील आहे. तिच्या समाप्तीचे वर्ष सामान्यतः इ.स. ८१६ मानले जाते. त्याविषयी मतभेदही आहेत. टीकेच्या अखेरच्या प्रशस्तीत जगत्तुंगदेवाचा उल्लेख येतो. जगत्तुंग हे नाव कंधारच्या वाचकास नवे नाही. राष्ट्रकूटांच्या या नगरीतील प्राचीन तलाव आजही ‘जगत्तुंग समुद्र’ म्हणून ओळखला जातो. मूडबिद्री येथील ताडपत्रांवर जतन झालेली ही टीका विसाव्या शतकात महाराष्ट्रातूनच प्रकाशात आली. अमरावतीच्या किंग एडवर्ड महाविद्यालयातील संस्कृतचे प्राध्यापक डॉ. हीरालाल जैन यांनी संपादित केलेला पहिला खंड १९३९ मध्ये प्रसिद्ध झाला. १९४२ च्या चौथ्या खंडात लखनौ विद्यापीठाचे गणिती डॉ. अवधेश नारायण सिंह यांचा धवलेतील गणितावरील लेख आहे. पुढील विवेचनातील अर्धच्छेदाची माहिती अभ्यासकांसमोर प्रामुख्याने त्या लेखामुळे आली.

पाया ‘उडविण्या’चे समर्थन :

अ^म = अ^न यावरून म = न हे केव्हा म्हणता येते? दोन्ही बाजूंस अ^न ने भागल्यास अ^(म−न) = १ असे मिळते. आता प्रश्न एवढाच उरतो की अ चा कोणता घात १ होतो. अ हा १ पेक्षा मोठा असेल तर त्याचा प्रत्येक धन घात १ पेक्षा मोठा असतो आणि प्रत्येक ऋण घात ० व १ यांच्या दरम्यान असतो. म्हणजे १ हे मूल्य केवळ घातांक शून्य असतानाच येते. अ हा ० व १ यांच्या दरम्यानचा असेल तर हीच गोष्ट उलट क्रमाने घडते. म्हणून म − न = ०. फलनाच्या भाषेत सांगायचे तर धन आणि १ व्यतिरिक्त असलेल्या पायाचे घातांकी फलन एकास-एक असते. म्हणजे येथे काहीही ‘उडत’ नाही. एकास-एक फलनाची दोन मूल्ये समान असल्यामुळे त्यांची मूळ स्थाने समान ठरतात.

पाया १ असेल तर हे विधान लगेच कोसळते, कारण १^५ = १^९. शून्य व −१ यांचीही तीच गत : ०^३ = ०^७ आणि (−१)^२ = (−१)^४. पाठ्यपुस्तकात ‘अ > ०, अ ≠ १’ ही अट कंसात छापलेली असते आणि बहुधा कंसातच राहते. तिचे महत्त्व पटण्यासाठी पायातच चल असलेले एक उदाहरण पुरेसे आहे. क्ष पूर्णांक आहे असे मानून पुढील समीकरण पाहावे :

(क्ष − २)^(क्ष^२) = (क्ष − २)^(५क्ष − ४)

सवयीने घातांक समान मांडले की क्ष^२ − ५क्ष + ४ = ० हे वर्गसमीकरण मिळते आणि क्ष = १ किंवा ४ अशी उकल येते. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. पण क्ष = ३ घेतल्यास पाया १ होतो आणि १^९ = १^११ हेही खरे आहे. क्ष = २ घेतल्यास पाया शून्य होतो, आणि ०^४ = ०^६ हेही खरेच. म्हणजे या समीकरणाच्या उकली १, २, ३, ४ अशा चार आहेत. यांत्रिक रीतीने त्यातील दोनच सापडतात. उरलेल्या दोन उकली कंसातील त्या दुर्लक्षित अटीत दडलेल्या असतात.

अर्धच्छेद :

धवलेत एखाद्या संख्येचा ‘अर्धच्छेद’ म्हणजे ती संख्या जितक्या वेळा निम्मी करता येते तितकी संख्या. १६ चे ८, ८ चे ४, ४ चे २, २ चा १. चार वेळा निम्मे केले, म्हणून १६ चा अर्धच्छेद ४. त्याच धर्तीवर तीनाने भागण्याच्या आवृत्ती म्हणजे ‘त्रिकच्छेद’ आणि चाराने भागण्याच्या आवृत्ती म्हणजे ‘चतुर्थच्छेद’. ८१ चा त्रिकच्छेद ४ आहे. ६४ चा अर्धच्छेद ६ आणि चतुर्थच्छेद ३. पाया २ ऐवजी ४ घेतला की मोजणी निम्मी होते, ही पाया बदलण्याची संपूर्ण कल्पना या दोन संख्यांत सामावलेली आहे.

यावरील नियमही टीकेत वापरलेले आहेत. गुणाकाराचा अर्धच्छेद हा अवयवांच्या अर्धच्छेदांच्या बेरजेइतका. भागाकाराचा अर्धच्छेद हा वजाबाकीइतका. आणि दोनाच्या म-व्या घाताचा अर्धच्छेद म. डॉ. सिंह यांनी अर्धच्छेदाची दोन पायाच्या लॉगॅरिथमशी सांगड घातली ती याच नियमांमुळे. ही सांगड योग्य असली तरी तिचा विस्तार जपून करावा लागतो. नेपियर यांनी १६१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सारणीचा उद्देश मोठे गुणाकार सुलभ करणे हा होता. वीरसेनांसमोर तसा प्रश्न नव्हता. त्यांना अतिप्रचंड संख्यांची आपापसांत तुलना करावयाची होती, आणि त्या संख्या बहुतांशी दोनाच्या घातांतून घडलेल्या होत्या. म्हणजे समान पायाची रीत जेथे चपखल बसते तेच त्यांचे क्षेत्र होते.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे ‘वर्गित-संवर्गित’ ही क्रिया. एखादी संख्या तिच्याच घातांकास चढविणे म्हणजे तिचे वर्गित-संवर्गित करणे. दोनाचे पहिले वर्गित-संवर्गित २^२ = ४. चाराचे पुन्हा तसेच केले की ४^४ = २५६. तिसऱ्या वेळी २५६^२५६. ही शेवटची संख्या दशमान पद्धतीत लिहिली तर ६१७ अंकी होते. तिच्याकडे पाहून काहीच बोध होत नाही. पण २५६ म्हणजे २^८, म्हणून

२५६^२५६ = (२^८)^२५६ = २^२०४८

आणि तिचा अर्धच्छेद २०४८. घाताच्या घाताचा एकच नियम, आणि ६१७ अंकांची संख्या चार अंकांत आटोपशीर उतरते. वर्गात २^क्ष = २५६^२५६ हे समीकरण फळ्यावर लिहिल्यास प्रथम विद्यार्थी बिचकतात; सोडवून झाल्यावर मात्र ही रीत कशासाठी आहे, हे वेगळे सांगावे लागत नाही.

याच परंपरेतील आणखी एक संख्या लक्षणीय आहे. धवलेपूर्वीच्या अनुयोगद्वारसूत्रात मनुष्यसंख्येविषयी एक विधान येते : दोनाच्या पाचव्या वर्गाने सहाव्या वर्गास गुणिले असता येणारी संख्या, अथवा जी ९६ वेळा निम्मी करता येते ती संख्या. बिभूतिभूषण दत्त यांनी १९२९ मधील जैन गणितावरील आपल्या लेखात याकडे लक्ष वेधले होते. दोनाचा वर्ग पुन्हा पुन्हा करीत गेल्यास पाचव्या पायरीवर २^३२ आणि सहाव्या पायरीवर २^६४ मिळतो. घातांकांची बेरीज ३२ + ६४ = ९६. एकच संख्या दोन प्रकारे सांगितली आहे आणि दोन्ही प्रकार जुळतात, कारण पाया एक आहे.

महावीराचार्यांची रीत :

राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याच्या काळातील महावीराचार्यांच्या ‘गणितसारसंग्रह’ या ग्रंथात (सुमारे इ.स. ८५०) गुणोत्तर श्रेढीतील पदसंख्या काढण्याचा नियम आहे. अंतिम राशीस आदिपदाने भागावे आणि येणाऱ्या भागाकारास गुणोत्तराने पुन्हा पुन्हा भागत जावे. जितक्या वेळा भाग जाईल ती पदसंख्या. आजच्या चिन्हांत ३ × २^क्ष = ३०७२ असे समीकरण घेतल्यास ३०७२ ÷ ३ = १०२४, आणि १०२४ ला दोनाने दहा वेळा भाग जातो, म्हणून क्ष = १०. उजवी बाजू डाव्या बाजूच्या पायाच्या घातात लिहिण्याची ही क्रियाच आहे. केवळ ती लेखनाऐवजी भागाकाराच्या रूपाने मांडली आहे. ज्या विद्यार्थ्याला १०२४ म्हणजे २^१० हे आठवत नाही त्याच्यासाठी ही रीत आजही अधिक विश्वासार्ह आहे.

समान पाया केव्हा मिळतो :

पाया लपलेला असणे आणि पाया नसणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. ०.२५, √८, १/३२ या सर्वांत २ हा पाया लपलेला आहे. (√८)^क्ष = १/३२ या समीकरणात (३/२)क्ष = −५ अशी मांडणी होऊन क्ष = −१०/३ मिळतो. परंतु १२^क्ष = १८ या समीकरणात कितीही शोधले तरी असा पाया हाती येत नाही. दोन्ही संख्यांत २ व ३ हेच मूळ अवयव आहेत, त्यामुळे विद्यार्थी बराच वेळ प्रयत्न करीत राहतो.

याचा निर्णय मूळ अवयवांच्या घातांकांवरून होतो. ३६ = २^२ × ३^२ आणि २१६ = २^३ × ३^३. येथे २ च्या घातांकांचे प्रमाण २ : ३ आहे आणि ३ च्या घातांकांचेही २ : ३ आहे; म्हणून ६ हा समान पाया मिळतो. १२ = २^२ × ३ आणि १८ = २ × ३^२ यांत मात्र २ च्या घातांकांचे प्रमाण २ : १ आणि ३ च्या घातांकांचे १ : २ आहे. प्रमाणे जुळत नाहीत, म्हणून समान पाया नाही.

अध्यापनाच्या दृष्टीने येथे धान्याच्या जुन्या मापांचा चांगला उपयोग होतो. दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर, चार शेरांची एक पायली. म्हणजे चिपट्यापासून पायलीपर्यंत सर्वत्र दोनाचेच राज्य आहे आणि एका पायलीत २^४ चिपटी होतात. ज्या भागात सोळा पायल्यांचा मण धरीत तेथे एका मणात २^४ × २^४ = २^८, म्हणजे २५६ चिपटी; दोनाचे दुसरे वर्गित-संवर्गितही तेवढेच आहे. मात्र वीस मणांची खंडी म्हटल्याबरोबर २० मधील ५ हा अवयव आत येतो आणि खंडी ही चिपट्याच्या दोनपटींच्या साखळीत बसत नाही. बारा पायल्यांचा मण धरणाऱ्या भागात तर ही साखळी मणालाच तुटते, कारण १२ मध्ये ३ आहे. ‘किती वेळा दुप्पट केल्यास चिपट्याची खंडी होईल?’ या प्रश्नाला पूर्णांकी उत्तर नाही, हे हिशेब न करताच अवयवांवरून सांगता येते.

परिमेय उत्तर आणि समान पाया :

अ व ब या १ पेक्षा मोठ्या नैसर्गिक संख्या असतील तर अ^क्ष = ब या समीकरणाची उकल परिमेय असणे आणि अ व ब यांना समान नैसर्गिक पाया असणे ही दोन्ही विधाने एकच आहेत. समान पाया असेल तर उकल परिमेय असते हे उघड आहे : ८^क्ष = ३२ मध्ये ३क्ष = ५, म्हणून क्ष = ५/३. उलट बाजूने, क्ष = म/न हा अतिसंक्षिप्त रूपातील अपूर्णांक उकल आहे असे मानू. मग अ^म = ब^न. अ मध्ये एखाद्या मूळ अवयवाचा घातांक र आणि ब मध्ये त्याच अवयवाचा घातांक स असेल, तर मूळ अवयव एकाच प्रकारे पाडता येत असल्यामुळे म × र = न × स. म व न यांना सामाईक विभाजक नसल्याने न ने र ला आणि म ने स ला भाग जातो. हे प्रत्येक मूळ अवयवाबाबत खरे आहे, म्हणून अ = क^न आणि ब = क^म अशी संख्या क मिळतेच. तोच समान पाया.

त्यामुळे ‘पाया सारखा करता येत नाही’ हे वाक्य पराभवाचे नसून माहितीचे आहे : उत्तर अपरिमेय आहे, असे ते सांगते. २^क्ष = ३ चे उत्तर म/न असते तर २^म = ३^न झाले असते, म्हणजे एक सम संख्या एका विषम संख्येइतकी; हे अशक्य आहे. तरीही उत्तर अस्तित्वात आहे, कारण २^क्ष चे मूल्य क्ष बरोबर सलग वाढत जाते आणि २ पासून ४ पर्यंत जाताना ते वाटेत ३ होतेच. त्या ठिकाणचा घातांक सुमारे १.५८५ आहे. म्हणजेच ३ = २^१.५८५ असे जवळपास लिहिता येते, आणि पाया पुन्हा सारखा झाला! लॉगॅरिथम याहून वेगळे काही करीत नाही. कोणतीही धन संख्या ठरलेल्या पायाच्या घातात लिहिण्याची सोय म्हणजे लॉगॅरिथम. सारणीतून १० पायाचे लॉगॅरिथम घेणे म्हणजे समीकरणाच्या दोन्ही बाजू १० च्या घातात लिहिणे होय. समान पायाची रीत परिमेय घातांकांपुरती होती. सारणीने ती सर्व वास्तव घातांकांपर्यंत नेली.

समान पाया नसताना केवळ तुलना करावयाची असेल तर सारणीचीही गरज नसते. धवलेत मनुष्यसंख्येविषयी दुसरेही विधान चर्चिले आहे : ती कोटी-कोटी-कोटीपेक्षा अधिक आणि कोटी-कोटी-कोटी-कोटीपेक्षा कमी, म्हणजे १०^२१ व १०^२८ यांच्या दरम्यान. आता २^९६ ही संख्या या मर्यादेत बसते काय? एका बाजूस पाया २, दुसऱ्या बाजूस १०. दहामधील पाचामुळे समान पाया नाही. परंतु २^१० = १०२४ हे १०^३ पेक्षा थोडे अधिक आहे. म्हणून

२^९६ = (२^१०)^९ × २^६ > १०^२७ × ६४ = ६.४ × १०^२८

म्हणजे २^९६ ही संख्या वरच्या मर्यादेच्या सहापटीहूनही मोठी आहे आणि ही दोन विधाने एकाच वेळी खरी असू शकत नाहीत. पूर्ण रूपात ती ७९२२८१६२५१४२६४३३७५९३५४३९५०३३६ अशी २९ अंकी आहे. १०^२८ ही संख्याही २९ अंकीच आहे. त्यामुळे केवळ अंक मोजून हा निर्णय होत नाही.

बेरजेची समीकरणे :

समान पायाची रीत गुणाकाराची आहे, बेरजेची नाही. ४^क्ष − १०(२^क्ष) + १६ = ० येथे पाया सारखा करून लगेच घातांकांकडे वळता येत नाही; २^क्ष = य मानून य^२ − १०य + १६ = ० सोडवावे लागते. य = २ किंवा ८, म्हणून क्ष = १ किंवा ३. ही पायरी बहुतेकांना जमते. खरी अडचण त्याहून साध्या समीकरणात येते. २^क्ष + २^३ = २^५ पाहताच अनेक विद्यार्थी तीनही ठिकाणचे दोन उडवून क्ष + ३ = ५, म्हणून क्ष = २ असे लिहितात. पडताळा घेतला की डावी बाजू १२ आणि उजवी ३२ येते. ‘उडविणे’ हा शब्द वर्गातून हद्दपार करण्यास हे एकच उदाहरण पुरेसे आहे. योग्य मांडणी २^क्ष = ३२ − ८ = २४ अशी होईल. २४ ला निम्मे करीत गेल्यास १२, ६, ३ आणि तेथे क्रम थांबतो. तीन वेळा भाग गेला आणि ३ उरले. म्हणजे २४ = २^३ × ३. उरलेल्या ३ साठी दोनाचा घातांक सुमारे १.५८५ आहे हे वर आलेच आहे. म्हणून क्ष = ३ + १.५८५, अर्थात सुमारे ४.५८५; आणि २^४ = १६ व २^५ = ३२ यांच्या दरम्यान २४ असल्याने उत्तर ४ व ५ यांच्या दरम्यान येणार हे सारणी उघडण्यापूर्वीच दिसते.